मधल्या सुट्टीत मी कुठे बसायचे?

त्या संध्याकाळी घरातले सगळेच माझ्या भाचीला सल्ले देत होते. काही आठवड्यांनी ती माध्यमिक शाळेत जाणार होती. जुनी शाळा लहान होती, सगळे सगळ्यांना ओळखणारे. नवी शाळा तिच्या कितीतरी पट मोठी. तिचे बाबा गणिताबद्दल बोलत होते, आजोबा शिस्तीबद्दल, आणि नुकताच महाविद्यालयात गेलेला तिचा चुलतभाऊ कोणत्या विषयाच्या नोट्स पहिल्या दिवसापासून काढाव्यात हे मोठ्या अधिकारवाणीने सांगत होता. ती नव्या वह्यांना कव्हर घालत बसली होती आणि अधूनमधून मान डोलवत होती. रात्री सगळे पांगल्यावर, कव्हराचा दुमडलेला कोपरा नखाने दाबत तिने मला विचारले, ''आत्या, मोठ्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळे कुठे बसतात गं?'' मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला हे ठाऊक असणारच असे तिने गृहीत धरले होते. मी मैदान, व्हरांडा, ज्याचा त्याचा वर्ग अशी ठिकाणे सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ''तसं नाही गं. मी कुठे बसायचं?''

तासभर चाललेल्या त्या सल्ल्यांमध्ये या प्रश्नाच्या जवळपासही कोणी फिरकले नव्हते.

नंतरचे कितीतरी दिवस तो प्रश्न मनात घोळत राहिला, कारण असे प्रश्न मला नवे नाहीत. माध्यमिक शाळेच्या पहिल्याच वर्गाची मी वर्गशिक्षिका असते, आणि दरवर्षी सुरुवातीच्या दिवसांत मुले ज्या गोष्टींना घाबरलेली दिसतात त्यांची यादी केली तर पालकांना ती क्षुल्लक वाटेल. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी नीट लागत नाही, म्हणून दिवसभर पाणीच न पिणारा मुलगा त्या यादीत असतो. वेळापत्रक वाचण्यात चूक झाली तर काय, या धास्तीने रोज सगळ्या विषयांची पुस्तके दप्तरात भरून आणणारी आणि खांदा दुखतो म्हणून कोणाला सांगूही न शकणारी मुलगी असते. प्रयोगशाळा कोणत्या जिन्याने गाठायची हे विचारायची लाज वाटते, म्हणून पुढच्या अनोळखी मुलांच्या मागे चालत राहून भलत्याच वर्गाच्या दारात पोहोचलेली जोडी असते. हजेरी घेताना आपले नाव चुकीचे वाचले गेले तर ते दुरुस्त करायचे की तसेच 'हजर' म्हणून टाकायचे, हा पेच पडलेली मुले तर हमखास असतात. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. अभ्यास जमेल का, ही चिंता त्यांना नसते असे नाही. पण तिला अजून चेहरा आलेला नसतो. कडीला, जिन्याला आणि मधल्या सुट्टीतल्या रिकाम्या वीस मिनिटांना मात्र चेहरा असतो, आणि तो उद्याच समोर येणार असतो.

शिवाय ही भीती खरोखर छोटी आहे का, याबद्दल मला शंका आहे. 'मी कुठे बसायचं' या प्रश्नाच्या पोटात 'मला कोण आपल्यात घेईल' हा प्रश्न आहे. तेरा वर्षांच्या मुलीला तो तसाच्या तसा विचारता येत नाही. तसा तो पन्नाशीच्या माणसालाही विचारता येत नाही, फक्त त्याने तो न विचारण्याची सवय करून घेतलेली असते. मुले तो जागेच्या, बाकाच्या, गटाच्या भाषेत विचारतात. ऐकणाऱ्याने तेवढेच उत्तर देऊन विषय मिटवला की ती पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

या वयात एक गोष्ट अशी घडते की जिचे ओझे बाहेरून दिसत नाही. आपल्याकडे सतत कोणीतरी पाहत आहे, असे मुलांना मनापासून वाटू लागते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये यालाच काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटले होते. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मूल दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करू शकते. मात्र स्वतःच्या मनात जे चालले आहे तेच दुसऱ्याच्याही मनात चालले असणार, अशी त्याची समजूत होते. कपाळावरची पुळी, आखूड झालेली बाही, मध्येच फाटणारा आवाज यांवर साऱ्या वर्गाची नजर खिळली आहे असे त्याला वाटते, आणि गंमत म्हणजे त्या वर्गातले प्रत्येक मूल त्याच वेळी स्वतःच्या पुळीची काळजी करत असते. ही खोड मोठेपणी पूर्ण जाते असेही नाही. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. जवळजवळ निम्म्या लोकांनी ते चित्र ओळखले असेल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच ते लक्षात आले होते. पालकसभेत मी हा प्रयोग सांगते तेव्हा पालक खूश होतात आणि घरी जाऊन मुलाला म्हणतात, ''बघ, कोणीही तुझ्याकडे बघत नसतं.'' मूल हुशार असते. चौथाई लोकांनी पाहिले होते, हे त्याने बरोबर हेरलेले असते.

त्यातच शाळाही नेमकी याच वेळी बदलते. जॅक्वेलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक मुद्दा मांडला होता, तो मला दरवर्षी नव्याने पटतो. पौगंडावस्थेत शिरताना मुलांना थोडे अधिक स्वातंत्र्य हवे असते, आईवडिलांखेरीज विश्वासाचे एखादे मोठे माणूस हवे असते आणि इतरांशी होणारी तुलना नकोशी असते. अशा वेळी ती ज्या शाळेत जातात तिथे नियम वाढलेले असतात, दिवसभर सोबत असणाऱ्या एका बाईंच्या जागी तासातासाला बदलणारे विषयशिक्षक येतात, आणि गुणांवरून, क्रमांकावरून, तुकडीवरून तुलना वाढते. म्हणजे मुलाची गरज एका दिशेला निघालेली असते आणि इमारत दुसऱ्या दिशेला. ही विसंगती एखाद्या शिक्षकाच्या वाईटपणातून आलेली नसते. मोठी संस्था चालवायची म्हटली की ती आपोआप येते. पण मूल ती स्वतःच्या खात्यावर मांडते. 'इथे मला कोणी विचारत नाही' याचा अर्थ त्याच्या लेखी 'मीच विचारण्याजोगा नाही' असा होतो, आणि असे हिशेब ते घरी कोणाला दाखवत नाही.

माझ्या स्वतःच्या मोठ्या शाळेतल्या पहिल्या दिवसाचे शिकवणे मला अजिबात आठवत नाही. नव्याने दिलेल्या तैलरंगाचा डोक्यात जाणारा वास आठवतो, कडक कॉलर मानेला घासत होती ते आठवते, आणि जिन्यावरून वरच्या वर्गातली मुले उतरत असताना भिंतीला चिकटून उभे राहणे आठवते. त्यांचे आवाज बाप्यांसारखे होते आणि ती आपापसांत अशी हसत होती की ते हसणे आपल्याबद्दलच असणार याची खात्री वाटावी. माझी जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली होती. आम्ही मधल्या सुट्टीत भेटायचे ठरवले होते आणि काही दिवस भेटलोही. मग तिच्या तुकडीतल्या मुली तिच्याबरोबर येऊ लागल्या, त्यांच्या वर्गातल्या गमतीजमती माझ्या डोक्यावरून जाऊ लागल्या, आणि एके दिवशी व्हरांड्याच्या टोकाशी तिला त्यांच्यात हसताना पाहून मी पाणी प्यायला जात असल्यासारखी मागे वळले. भांडण झाले नाही. त्यामुळे रडायलाही कारण नव्हते. घरी कोणी विचारले असते तर काय सांगायचे तेही मला समजले नसते, कारण ती माझी मैत्रीण राहिली नव्हती असेही नव्हते आणि राहिली होती असेही नव्हते.

अशा प्रकारे सुटत जाणाऱ्या मैत्रीबद्दल मुलांशी आधीच बोलायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे. शाळा बदलताना मैत्रीची फेरमांडणी होणे ही इतकी सर्रास घडणारी गोष्ट आहे की न घडली तरच नवल. तरी मोठी माणसे तिच्याविषयी एक तर बोलत नाहीत किंवा 'खरी मैत्री टिकतेच' असे काहीतरी सांगून ठेवतात. मग ती टिकली नाही की मूल ठरवते, आपली मैत्री खरी नव्हती. त्याऐवजी 'तुमच्या दोघींच्या तुकड्या वेगळ्या आल्या तर काही दिवस विचित्र वाटेल, तिला नव्या मैत्रिणी मिळतील, तुलाही मिळतील, आणि मधले काही आठवडे तुला तिचा राग येईल' इतके सरळ सांगितलेले मुलांना पेलते. आता यात फोनची भर पडली आहे. पूर्वी व्हरांड्याच्या टोकाशी जे दिसायचे ते आज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दिसते. आपल्याला न घेतलेल्या गटाचे छायाचित्र, आपल्याशिवाय झालेला वाढदिवस. शाळा सुटली की सुटका, हा दिलासा या पिढीच्या वाट्याला पूर्वीइतका येत नाही.

मग पूर्वतयारी म्हणून करायचे तरी काय? 'घाबरण्यासारखं काही नाही' हे वाक्य तर आधी बाजूला ठेवावे. ते प्रेमाने उच्चारलेले असते, पण त्यातून मुलाला ऐकू येते ते एवढेच की आपण घाबरलो आहोत हे चुकीचे आहे. भीतीला नाव दिले तर ती थोडी आवरते, याचा पडताळा प्रयोगशाळेतही आलेला आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले की, चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगताना भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागातील हालचाल कमी होते. पण मुलाला समोर बसवून 'तुला नक्की काय वाटतंय ते सांग' म्हटले तर त्याला ती तोंडी परीक्षाच वाटते. माझा अनुभव असा की या वयाची मुले नजरेला नजर न देता बोलतात. शेजारी बसून प्रवास करताना, दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असताना, दिवा मालवल्यानंतर. भाचीनेही कव्हर घालतानाच विचारले होते. चहा घेत समोरासमोर बसलो असतो तर तिने गणिताबद्दल विचारले असते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर एका लांबलचक फेरफटक्यात शोधले. 'कोणीतरी भेटेलच' असे मी म्हटले नाही, कारण पहिल्या दिवशी कोणी भेटलेच नाही तर ते वचन मोडल्यासारखे झाले असते. कोणी भेटले नाही तर जायला एक जागा आधीच ठरवून ठेवायची, असे आम्ही ठरवले. वाचनालय उघडे असते, आणि तिथे एकटे बसलेले माणूस एकटे पडल्यासारखे दिसत नाही. बाकावर एकटी असलेली दुसरी मुलगी दिसली तर तिला काय विचारायचे, यावर बरीच चर्चा झाली. 'तुझं नाव काय' हे तिला बालिश वाटले. शेवटी 'पुढचा तास कशाचा आहे?' हे वाक्य तिने निवडले, कारण त्याचे उत्तर माहीत असले तरी विचारता येते आणि समोरची तुटक बोलली तरी आपला अपमान होत नाही. माणसांविषयीची तिची ही जाण पाहून मी थक्क झाले. शाळा सुरू होण्याआधी एका दुपारी तिचे बाबा तिला तिथे घेऊन गेले. फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून प्रयोगशाळेपर्यंत ती स्वतः पुढे चालली, स्वच्छतागृहाची कडी लावून पाहिली. ओस पडलेल्या शाळेत पावलांचे आवाज घुमत होते, असे तिने सांगितले. गणिताबद्दलही त्या दोघांचे बोलणे झाले असणार. तिच्या बाबांना मी ओळखते.

झोपेची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती रुक्ष आहे तरी तिच्यावाचून बाकीचे सगळे व्यर्थ जाते. वयात येताना मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोप येत नाही. तो आळस किंवा हट्ट नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे निद्रातज्ज्ञ सांगतात, आणि शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच केलेली आहे. शाळांची घड्याळे तेवढ्याने हलत नाहीत. निदान सुट्टीत बिघडलेली वेळ शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री एकदम दुरुस्त करायला न जाता, दोन आठवडे आधीपासून थोडी थोडी मागे आणावी. अपुऱ्या झोपेत सकाळी साधी थट्टाही हल्ल्यासारखी वाटते, हे शिक्षकांच्या खोलीतही रोज पाहायला मिळते.

मुलांना आमच्यापेक्षा त्यांच्याहून थोड्या मोठ्या मुलांचे पटते, हे मान्य करायला शिक्षकांना जड जाते. अमेरिकेत जेफ्री बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीत नव्या शाळेत आलेल्या मुलांबरोबर एक साधा उपक्रम केला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे अनुभव मुलांना वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परके वाटत होते, अभ्यास झेपेल का असे वाटत होते, नंतर ते कमी झाले. मग स्वतःबद्दल थोडे लिहायला सांगितले. ज्या मुलांनी हे केले त्यांची गैरहजेरी आणि बेशिस्तीच्या तक्रारी इतरांपेक्षा कमी राहिल्या, गुणही सुधारले. हे वाचल्यापासून वर्ष संपताना मी माझ्या वर्गाकडून पुढच्या वर्गासाठी चिठ्ठ्या लिहून घेते. 'अभ्यास नियमित करा' असे लिहायचे नाही, एवढीच अट असते. मग मजकूर फार वेगळा येतो. कोणते सर रागावतात पण मनात ठेवत नाहीत, कोणत्या नळाला धार बरी येते, गटात घेतले नाही तर चित्रकलेच्या तासाला जागा आपोआप बदलतात. एका मुलाने लिहिले होते, 'मला पहिला महिना पोटात दुखत होते. मग एकदम आठवले की आज दुखले नाही.' नव्या मुलांनी ती चिठ्ठी इतक्या वेळा हाताळली की घड्यांवर कागद विरला.

सगळ्यांचेच दुखणे असे परस्पर थांबत नाही, हेही सांगायला हवे. आठवड्यांमागून आठवडे जेवण उतरत नसेल, झोप उडाली असेल, रोज सकाळी शाळेत जाण्यावरून घर डोक्यावर घेतले जात असेल, तर त्याला नाटक म्हणू नये. तिथे सल्ले आणि फेरफटके पुरत नाहीत. शाळेशी बोलावे, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. कोणी छळत असेल तर ते मूल आपणहून सांगण्याची वाट पाहत राहणे हा फार मोठा धोका असतो.

पण भीतीबद्दल इतके बोलल्यावर मला त्या मुलांची आठवण येते जी मोठ्या शाळेत येण्यासाठी दिवस मोजत असतात. जुन्या शाळेत पहिलीत असताना एकदा वर्गात उलटी झाली आणि पुढची सगळी वर्षे त्याच टोपणनावाने हाका ऐकाव्या लागल्या, अशा मुलाला अनोळखी गर्दीइतके सुख कशातच नसते. कोणाला 'नेहमी रडणारी' ही ओळख मागे टाकायची असते, कोणाला 'ताईचा भाऊ' ही. त्यांच्या आईवडिलांना मात्र मुलाची काळजी वाटत असते, आणि त्या काळजीपोटी ते पहिल्याच दिवशी, मूल शेजारी उभे असताना मला सांगतात, ''बाई, हा जरा बुजराच आहे, सांभाळून घ्या.'' मुलगा तेव्हा बुटांकडे पाहत असतो. जे तो घरी ठेवून आला होता ते त्याच्या आधीच वर्गात पोहोचलेले असते. सांगण्यासारखे काही असेल तर ते मला नंतर, एकटीला भेटून सांगावे, असे मी अलीकडे पालकांना आधीच कळवते.

आणि हजेरी घेण्यापूर्वी प्रत्येकाला विचारते, ''तुला मी काय म्हणून हाक मारू?'' काहीजण लगेच सांगतात, काहीजण घरचे नाव सांगून पुन्हा घाईघाईने पटावरचे सांगतात. एकीने बराच वेळ विचार करून विचारले होते, ''उद्या सांगितलं तर चालेल का?'' मी चालेल म्हटले. तिने चांगला आठवडाभर वेळ घेतला, मैत्रिणींशी सल्लामसलत केली, आणि शेवटी जे नाव सांगितले ते पटावर होते तेच होते.